नाताळची धावपळ आणि पोटातलं बाळ

फराळ एका दिवसात उरकू नका. कुलकुलं (नाताळचा छोटा गोड तळणीचा पदार्थ) वळायचं काम गर्भवतीकडे द्या, पण पाठीला टेकून, पाय छोट्या स्टुलावर ठेवून. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची, एवढंच. तळणाचा घाणा मात्र जाऊबाईंनी किंवा नवऱ्याने सांभाळावा. धुराने मळमळ वाढते आणि तासभर उभं राहिलं की पाय सुजतात. नेवऱ्यांचं (करंज्यांचं) सारण दोन दिवस आधी करून ठेवता येतं.

सगळ्यात जास्त चुकतं ते गोळ्यांचं. पाहुणे आले की चहा होतो आणि लोहाची गोळी चहासोबतच घेतली जाते. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. दोन्हींत निदान एक तास ठेवा, कॅल्शियमची गोळी लोहापासून दोन तास लांब. रममध्ये भिजवलेला केक आणि वाइन नकोच, ‘घोटभर’सुद्धा. डुकराचं मटण आतपर्यंत शिजलेलं असावं.

चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्साला (प्रार्थनेला) जायचं तर दुपारी दोन तास झोप, अंगात स्वेटर आणि कडेची खुर्ची. थकवा असेल तर २५ तारखेची सकाळची मिस्सा बरी.

बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, तायी कार्ड (कर्नाटकात गर्भवतीला मिळणारं तपासण्यांचं कार्ड) सोबत घ्या, गाडीत सीटबेल्टचा आडवा पट्टा पोटाखालून लावा. रक्तस्राव, पाणी जाणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं ठणकणं किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही झालं तर सण बाजूला ठेवून लगेच १०८ लावा.