संग्रहालयशास्त्र शिकायचं असेल तर: आधी जाहिरात, मग प्रवेश

संग्रहालयात काम करायचं ठरवलेली बहुतेक मुलं आधी अभ्यासक्रम शोधतात आणि पदवी हातात पडल्यावर नोकरीच्या जाहिराती वाचायला घेतात. हा क्रम उलटा हवा. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महानगरपालिका, केंद्र सरकारची संग्रहालयं यांच्या जुन्या पाच-सहा जाहिराती जमवा आणि त्यातला फक्त 'शैक्षणिक अर्हता' हा भाग वाचा. अभिरक्षकाच्या (क्युरेटरच्या) पदाला अनेकदा इतिहास, प्राचीन भारतीय इतिहास, पुरातत्त्व किंवा कलेतिहासातली पदव्युत्तर पदवी मागतात आणि जोडीला संग्रहालयशास्त्राची पदविका. अशा ठिकाणी नुसतं संग्रहालयशास्त्रात एम. ए. केलेला उमेदवार छाननीतच बाद होऊ शकतो. जतन-संवर्धनाकडे जायचं असेल तर पदवीला रसायनशास्त्र किंवा चित्र-शिल्पकलेचं शिक्षण असल्याचा मोठा फायदा होतो. प्राध्यापकी हवी असेल तर 'नेट'ला संग्रहालयशास्त्र आणि संवर्धन असा स्वतंत्र विषय आहे.

शिकायचं कुठे? बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हा विषय 1952 पासून शिकवला जातो. देशातला हा सर्वांत जुना विभाग. कोलकाता विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ इथेही सोय आहे. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था आता भारतीय वारसा संस्था म्हणून नोएडात चालते. तिथे कलेतिहास, संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र असे तीन वेगळे रस्ते आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदविका करता येते. माहितीपत्रकातल्या पेपरांच्या नावांवर जाऊ नका. फोन करून तीनच गोष्टी विचारा: विद्यार्थ्यांच्या हातात खरी वस्तू कधी येते, साठवण कक्षात किती आठवडे काम करावं लागतं आणि प्रयोगशाळा वर्षभर सुरू असते का. उत्तर गोलमोल आलं की समजून घ्या.

वर्गात संग्रहालयाचा इतिहास आणि व्याख्या भरपूर होतात. नोकरीत पहिल्या दिवसापासून लागते ती नोंद, आणि ती घरबसल्या शिकता येते. घरातल्या 25 जुन्या वस्तू घ्या: अडकित्ता, पानाचा डबा, समई, आजीचं लुगडं, फ्रेममधला फोटो, हस्तलिखित वही. प्रत्येकीला तीन भागांचा दाखल क्रमांक द्या: वर्ष, त्या वर्षी आलेला कितवा संच, संचातली कितवी वस्तू. म्हणजे 2025.1.4. डबा आणि झाकण वेगळे होऊ शकतात, म्हणून 2025.1.4अ आणि 2025.1.4ब, आणि क्रमांक दोन्हींवर. नुसत्या झाकणावर क्रमांक असलेले डबे संग्रहालयांत अनाथ होऊन पडलेले सापडतात.

क्रमांक लिहायची पद्धत वस्तूगणिक बदलते. धातू, दगड, भाजलेली माती यांवर आधी पॅरालॉइड बी-72 या राळेचा पातळ थर द्यायचा, तो पूर्ण वाळला की त्यावर शाईने बारीक क्रमांक, वर पुन्हा एक थर. ही राळ ॲसिटोनमध्ये विरघळते, म्हणून पुढे कधीही क्रमांक काढता येतो. खोलीत हवा खेळती ठेवा. घाईत ओल्या थरावर लिहिलं की शाई पसरते. प्लास्टिकवर ही पद्धत चालत नाही, ॲसिटोन प्लास्टिकलाच खातं. कापडावर क्रमांक लिहिलेली सुती पट्टी दोन-चार सैल टाक्यांनी शिवतात. कागदावर मऊ पेन्सिलने, मागच्या बाजूला, न दाबता. स्टिकर, सेलोटेप आणि बॉलपेन कुठेच नाही: गोंद वाळतो, चिठ्ठी गळते आणि डाग मागे राहतो.

नोंदीत उंची, रुंदी, खोली याच क्रमाने सेंटिमीटरमध्ये मापं, वजन, साहित्य, वस्तू कुठून आली, सध्या कुठे ठेवली आहे आणि स्थिती. फोटोत मापपट्टी हवीच. स्थितीच्या रकान्यात 'थोडी खराब' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. 'उजव्या खालच्या कोपऱ्यात 3 सेंमी फाट, मागे ओल्याचा तपकिरी डाग' असं लिहिलं तर पुढच्या वर्षी फाट वाढली की नाही ते कळतं. सगळ्यात जास्त चुकतो तो 'जागा' हा रकाना. प्रदर्शनासाठी वस्तू हलते, परत आल्यावर दुसऱ्याच कपाटात जाते आणि नोंदवहीत जुनाच पत्ता राहतो. जी वस्तू सापडत नाही ती कागदोपत्री असूनही नसल्यात जमा. केंद्र सरकारच्या संग्रहालयांसाठी सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या पुणे केंद्राने 'जतन' ही संगणक प्रणाली केली आहे. ती शिकायची संधी मिळाली तर सोडू नका, पण रकाने डोक्यात पक्के असतील तरच तिचा उपयोग.

संवर्धनाचे काही आकडे तोंडपाठ हवेत. कापड, कागद, जलरंग यांच्यावर साधारण 50 लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाचं माप) जास्त प्रकाश नको. तैलरंगाला 200 पर्यंत चालतो. रंग एकदा उडाला की परत येत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात ती सहज 80 च्या पुढे जाते. इथे नेहमीची चूक म्हणजे दिवसा एसी आणि रात्री बंद. या रोजच्या चढउताराने लाकूड फुगतं-आकसतं आणि चित्राचा रंगथर तडकतो. दिवसरात्र एसी परवडत नसेल तर तो न लावलेला बरा. बंद पेट्या आणि सिलिका जेल जास्त काम करतात, फक्त जेल वेळेवर तापवून पुन्हा कोरडं करायला हवं. काशाच्या वस्तूवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर तो क्लोराइडचा रोग. घासायची नाही, कोरड्या जागी वेगळी ठेवून संवर्धकाला दाखवायची. चिंच किंवा लिंबू लावून मूर्ती चकचकीत करणं घरात ठीक, संग्रहात नाही.

वस्तू उचलण्याआधी अंगठी, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र काढा आणि ती ठेवायची जागा आधी मोकळी करा. कानाला किंवा कडीला धरून काहीच उचलायचं नाही.

कायद्यात निदान 1972 चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा वाचा. साधारण 100 वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखिताला 75 वर्षं पुरतात. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदाही आला. हस्तिदंत, शिंगं, पेंढा भरलेले प्राणी यांच्यासाठी तोही लागतो.

मराठी मुलांच्या हातात एक पत्ता असतो आणि फार थोडे तो खेळतात: मोडी लिपी. महाराष्ट्रातल्या संग्रहांत मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडून आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत मोडी वाचू शकणाऱ्याला काम मिळायला वेळ लागत नाही. सुट्टीत वर्ग करा आणि रोज एक पान वाचा, नाहीतर हात जातो.

इंटर्नशिपचा अर्ज करताना 'मला शिकायची आवड आहे' असं लिहू नका, तसं सगळेच लिहितात. आपल्या 25 वस्तूंपैकी सर्वांत चांगल्या पाच नोंदी, फोटोंसकट, जोडा. मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय किंवा नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, अशा मोठ्या ठिकाणी गर्दी असते. गावातल्या छोट्या संग्रहालयात किंवा विद्यापीठाच्या नाणेसंग्रहात बहुधा नोंदीचं काम तुंबलेलं असतं. तिथे 'मे महिन्यात येऊन एका कपाटाची पडताळणी करून देतो' असं नेमकं सांगा. पडताळणीची यादी तीन रकान्यांची ठेवा: नोंदीत आहे आणि सापडली, नोंदीत आहे पण सापडली नाही, सापडली पण नोंदीत नाही. तिसऱ्या रकान्यातल्या वस्तूंना स्वतःहून नवा दाखल क्रमांक देऊ नका. तात्पुरती चिठ्ठी बांधा आणि यादी अभिरक्षकाच्या सहीने सोपवा.