आयुष्याची घडी बदलते तेव्हा: ताकदीच्या व्यायामात या चुका टाळा

नवी नोकरी, बदली, बाळंतपण, घरातलं मोठं आजारपण, स्वतःची शस्त्रक्रिया. वर्षानुवर्षं नेमानं वजनं उचलणाऱ्यांचाही व्यायाम अशाच वळणांवर सुटतो. मग ते स्वतःला आळशी ठरवतात आणि ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. आळशी माणूस पाच-पाच वर्षं पहाटे उठून स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) करत नाही. आठवड्याला चार दिवस, दर वेळी सव्वा तास, हे ज्या दिनक्रमात बसत होतं तो दिनक्रमच उरलेला नसतो. तरी बेत तोच ठेवायचा हट्ट असतो. दोन आठवडे ओढाताण होते आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच बंद पडतं.

करायचं तर पूर्ण, नाहीतर नाहीच

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ताकद कमवायला जेवढे कष्ट लागतात, त्यापेक्षा कितीतरी कमी कष्टांत ती टिकते. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ७० जणांनी १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा पायांचा जड व्यायाम केला. पुढचे ३२ आठवडे काहींनी तो थांबवला, काहींनी एक तृतीयांशावर आणला, तर काहींनी थेट एक नवमांशावर. एक नवमांश म्हणजे आठवड्यातून एकच दिवस आणि प्रत्येक प्रकाराचा एकच सेट, म्हणजे न थांबता केलेली एकच फेरी. तरुणांचे वाढलेले स्नायू एवढ्यावरही टिकले. साठीपुढच्यांची ताकद बरीचशी राहिली, पण स्नायूंचा आकार राखायला मात्र एवढं पुरलं नाही.

वडिलांच्या आजारपणात मी सात महिने फक्त मंगळवारी आणि शनिवारी व्यायाम केला. पंचवीस मिनिटं, स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलणं) आणि रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), प्रत्येकी दोन सेट. त्या काळात वजनं वाढली नाहीत, वाढवायची नव्हतीच. पुढे पूर्ण वेळापत्रकावर परतलो तेव्हा महिन्याभरात जुन्या आकड्यांवर होतो. हा छोटा बेत मी आधीच, बरे दिवस असताना वहीत लिहून ठेवला होता. दवाखान्यातून रात्री घरी आल्यावर 'आज काय करू' हे ठरवायचं त्राण कुणातच नसतं, म्हणून तो आधी लिहायचा.

वजन उतरवणं आणि सेट तेवढेच ठेवणं

वेळ कमी पडला की बरेच जण बारबेल (दोन्ही टोकांना वजनं लावलेली लांब दांडी) सोडून हलक्या डंबेलनं अर्धा तास काढतात. घाम येतो, व्यायाम केल्याचं समाधानही मिळतं, पण ताकद हळूहळू ओसरते, कारण शरीराला जड भार उचलायची गरजच जाणवत नाही. उलट करा. ८० किलोचा स्क्वॉट सहा रेप्सचे (आवर्तनांचे) चार सेट असा चालू असेल, तर अडचणीच्या काळात वजन ७५ ते ८० ठेवा आणि पाच रेप्सचे दोनच सेट करा. रात्रभर झोप नसेल त्या दिवशी पाच-दहा टक्के आणखी उतरवायला हरकत नाही. तो दिवस पार पडला हेच खूप.

जड वजनं हाताशीच नसतील, उदाहरणार्थ नुकतीच बदली झाली आहे आणि सामान अजून खोक्यांत आहे, तर गोष्ट वेगळी. पूर्ण क्षमतेच्या ३० टक्के भारानंही स्नायू टिकतात, वाढतातसुद्धा. अट इतकीच की शेवटच्या दोन-तीन रेप्स खरोखर जड जायला हव्यात. पाठीवर भरलेली सॅक घेऊन जोर, एका पायावरच्या बैठका, रबरी बँडनं रोइंग. बारबेलवरचा आकडा काही आठवडे खाली दिसेल. त्यातला मोठा भाग हा सराव तुटल्याचा परिणाम असतो, तो परत येतो.

'जरा स्थिरस्थावर झालं की सुरू करू'

सवय ही जागा, वेळ आणि आधीच्या कृतीला चिकटलेली असते. विद्यापीठ बदललेल्या विद्यार्थ्यांवरचा वेंडी वुड आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास हेच सांगतो: नव्या ठिकाणी व्यायामाची परिस्थिती जुन्यासारखी राहिली तिथे सवय टिकली, नाहीतर ती नव्यानं ठरवूनच करावी लागली. म्हणून नव्या गावात पहिल्याच आठवड्यात जागा आणि वेळ ठरवून टाका, मग व्यायाम दहा मिनिटांचा का असेना. एखादा दिवस हुकला तर मनाला लावून घेऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले (कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला) आणि एखादा दिवस चुकल्यानं त्यात फारसा फरक पडला नाही.

खंडानंतर पहिल्याच दिवशी जुनं वजन

इथे मला कळकळीनं सांगायचं आहे, कारण ही चूक माणसाला दवाखान्यात नेऊ शकते. दोन-तीन आठवड्यांच्या खंडात ताकद फारशी घटत नाही. दम मात्र लवकर लागतो आणि म्हणून 'सगळं गेलं' असं वाटतं. काही महिन्यांचा खंड झाला की प्रश्न निराळा. नियमित व्यायामानं स्नायूंना मिळालेलं संरक्षण तोवर गेलेलं असतं, स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांना भाराची सवय राहिलेली नसते, पण मनाला जुने आकडे पाठ असतात. अशा वेळी अंगावर घेतलेला अती व्यायाम स्नायूंच्या पेशी इतक्या फोडू शकतो की त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा होते. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. असह्य दुखणं, सूज, हातपाय लुळे वाटणं आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्यावर टाकू नका.

मी पाळतो तो हिशेब असा. दोन आठवडे गेले असतील तर वजन दहा टक्के कमी आणि एक सेट कमी. दोन-तीन महिने गेले असतील तर निम्म्या वजनापासून, दोन सेट, आणि पहिले दोन आठवडे 'अजून जमलं असतं' असं वाटत असतानाच थांबायचं. त्याहून मोठा खंड असेल तर नवशिक्यासारखी सुरुवात, फक्त प्रगती नवशिक्यापेक्षा वेगानं होईल. ऑस्लो विद्यापीठात उंदरांवर झालेल्या २०१० च्या प्रयोगात दिसलं, की भारामुळे स्नायूतंतूंत वाढलेली केंद्रकं, म्हणजे पेशीच्या वाढीची सूत्रं हलवणारे भाग, स्नायू आक्रसल्यावरही तीन महिने शाबूत होती. माणसात हे नेमकं कसं चालतं यावर अजून काम सुरू आहे, पण एकदा कमावलेलं दुसऱ्यांदा लवकर येतं हा अनुभव कुठल्याही जिममध्ये विचारा.

एक अवयव दुखावला म्हणून सगळ्या शरीराला सुट्टी

हात प्लास्टरमध्ये असेल तरी दुसरा हात आणि दोन्ही पाय मोकळे असतात. एका हाताचा व्यायाम केला की दुसऱ्या, न हललेल्या हाताचीही ताकद थोडी वाढते, हे येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ मध्येच दाखवलं होतं. डॉक्टरांना 'व्यायाम करू का' असं न विचारता 'काय काय करू शकतो' असं विचारा. उत्तर बहुतेकदा आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा मोठं निघतं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांची रेघ

बेचाळिसाव्या दिवसापर्यंत शून्य आणि त्रेचाळिसाव्या दिवसापासून सगळं, असं शरीर चालत नाही. गुंतागुंत नसेल तर श्वास, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि चालणं यांची सुरुवात आधीही होऊ शकते. वजनं मात्र त्या रेघेनंतरही पायरीपायरीनंच चढवायची. सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, तिथे डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काहीच नको. वजन उचलताना लघवी निसटली, खाली जडपणा वाटला किंवा पोटाच्या मध्यावर उंचवटा आला, तर ते सहन करत राहू नका. भार कमी करा आणि या विषयातल्या फिजिओथेरपिस्टला भेटा. 'बाळंतपणानंतर हे चालायचंच' असं कुणी म्हटलं तरी भेटा.

पन्नाशीनंतर हलकं-हलकं

वय झालं म्हणून वजनं सोडणाऱ्यांनी वरचा अलाबामाचा निष्कर्ष पुन्हा वाचावा: स्नायू राखायला वयस्कांना तरुणांपेक्षा जास्त व्यायाम लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितलेला आहे आणि ६५ नंतर तो कमी करायला सांगितलेलं नाही. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगानं होते, तेव्हा तर भार जास्तच गरजेचा. सांधे कुरकुरत असतील तर प्रकार बदला: खोल स्क्वॉटऐवजी खुर्चीपर्यंतचा, सरळ बारऐवजी डंबेल.

सगळं नीट करूनही तीन आठवड्यांत वजन जागचं हलत नसेल, तर प्रोग्राम बदलण्याआधी झोप आणि जेवण तपासा. दुःखात किंवा धावपळीत भूक मरते आणि प्रथिनं सगळ्यात आधी कमी होतात. एक आठवडा रोज काय खाल्लं आणि किती तास झोपलात ते व्यायामाच्याच वहीत, सेटच्या शेजारी लिहा.