हार्थस्टोनमध्ये सोनेरी हिरो कसा मिळवावा आणि न छापलेले नियम कसे शिकावेत

हार्थस्टोन या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात एखाद्या क्लासचा (म्हणजे स्वतःचे खास पत्ते असलेल्या हिरोच्या प्रकाराचा) सोनेरी हिरो, म्हणजे हिरोचं सोनेरी चित्र हवं असेल, तर त्या क्लासने ५०० सामने जिंकावे लागतात. आकडा ऐकूनच अनेकजण नाद सोडतात. पण एकच क्लास धरून खेळणाऱ्याला असे कितीतरी नियम कळतात, जे पत्त्यांवर कुठेच छापलेले नाहीत. मला तरी सोनेरी चौकटीपेक्षा ही कमाई मोठी वाटते. म्हणून दोन्ही कामं एकत्रच हाती घ्या.

आधी सोपं बक्षीस घ्या. दर महिन्याला रँक्डचा, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांचा, नवा सीझन सुरू होतो आणि त्यात ५ सामने जिंकले की त्या महिन्याचा कार्ड बॅक (पत्त्यांच्या मागच्या बाजूचं चित्र) तुमचा. रँक कुठलीही असली तरी चालते, सगळ्यात खालच्या ब्रॉन्झमध्ये असाल तरी मिळतो. लिजंड या सर्वात वरच्या रँकला पहिल्यांदा पोहोचलात की त्याचा वेगळा कार्ड बॅक मिळतो, पण सुरुवातीला त्याच्या मागे धावू नका.

मग क्लास ठरवा. सध्या चांगला चालतोय म्हणून नव्हे, तर खेळायला आवडतो म्हणून निवडा, कारण मुक्काम लांबचा आहे. मित्राबरोबरचे आणि संगणकाविरुद्धचे विजय या ५०० मध्ये धरले जात नाहीत, तेव्हा रँक्डच खेळा.

डस्ट, म्हणजे नको असलेले पत्ते फोडून मिळणारी आणि नवे पत्ते बनवायला लागणारी पूड, जपून वापरा. साधा लेजेंडरी (सर्वात दुर्मिळ दर्जाचा) पत्ता बनवायला १६०० डस्ट लागते, सोनेरी हवा असेल तर ३२००. म्हणजे एका चकाकीच्या किमतीत दोन लेजेंडरी येतात. डेक पुरा होईपर्यंत सोनेरी पत्ते बनवूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. पॅकमधून निघालेला सोनेरी पत्ताही लगेच फोडू नका. एखादा पत्ता कमजोर केला गेला, की काही दिवस तो फोडल्यावर बनवण्याइतकी पूर्ण डस्ट परत मिळते.

आता खाचाखोचा. इथे घाई करू नका, कारण हातातले सामने निसटतात ते बहुतेकदा इथेच.

सायलेन्सचंच घ्या, म्हणजे मिनियनवरचे (बोर्डवर लढणाऱ्या पात्राच्या पत्त्यावरचे) सगळे परिणाम पुसून टाकणाऱ्या पत्त्याचं. समोरच्या मिनियनची मूळ हेल्थ ३ आहे आणि कुठल्याशा पत्त्याने ती ६ झालीय. तुमच्या हातात ३ डॅमेजचा एक स्पेल (एकदाच वापरायचा मंत्राचा पत्ता) आहे आणि एक सायलेन्स. आधी डॅमेज दिलं तर हेल्थ ६ वरून ३ होते. नंतरच्या सायलेन्सने वाढीव हेल्थ जाते, पण मिनियन मूळच्या ३ वर ठणठणीत उभा राहतो, दोन्ही पत्ते वाया. तेच आधी सायलेन्स केला असता तर हेल्थ थेट ३ वर आली असती आणि त्याच स्पेलने मिनियन मेला असता. पत्ते तेच, फरक फक्त क्रमाचा.

डेथरॅटलचंही (मिनियन मरताना होणाऱ्या परिणामाचंही) तसंच. एका झटक्यात अनेक मिनियन मेले, की त्यांचे डेथरॅटल डावीकडून उजवीकडे चालत नाहीत, जो मिनियन आधी खेळला गेला त्याचा आधी चालतो. मरताना सगळ्यांना डॅमेज देणारा एक मिनियन आणि मरताना छोटा मिनियन सोडणारा दुसरा, असे दोन्ही तुमच्याकडे असतील तर डॅमेजवाला आधी खेळा. मग नंतर येणारा छोटा मिनियन वाचतो. उलट क्रमाने खेळलात तर तो आल्या आल्या मार खातो.

सीक्रेट, म्हणजे झाकून लावलेले आणि समोरच्याच्या चालीवर उघडणारे पत्ते, हेही लावलेल्या क्रमानेच उघडतात. डिव्हाइन शील्डवर (एक मार झेलणाऱ्या कवचावर) विषारी, म्हणजे ज्याच्या डॅमेजने समोरचा मिनियन मरतो असा, मिनियन आदळला तर फक्त शील्ड फुटतं. डॅमेज झालंच नाही, त्यामुळे विषही लागत नाही. हातात १० पत्ते असताना अकरावा ओढला तर तो जळतो आणि समोरच्यालाही दिसतो. डेक संपल्यावर प्रत्येक ओढीला फटिगचं डॅमेज बसतं: आधी १, मग २, मग ३. बोर्डवर एका बाजूला ७ पेक्षा जास्त मिनियन मावत नाहीत.

गोंधळ झाला की डावीकडे बघा. बोर्डच्या डाव्या कडेला शेवटच्या काही चालींच्या छोट्या चौकटी दिसतात. त्यांवर बोट किंवा माउस ठेवला की कोणत्या पत्त्याने कोणाला काय केलं ते कळतं. ‘हा मिनियन मेला कसा?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं, आणि ते पाहायला तुमच्या पाळीतले काही सेकंद पुरतात.

शंका उरली तर मित्राला बोलवा. फ्रेंडली चॅलेंजमध्ये (मित्राशी खेळलेल्या सामन्यात) रँकला धक्का लागत नाही. ज्या दोन पत्त्यांबद्दल शंका आहे ते डेकमध्ये घाला, बाकी सगळे पत्ते साधे ठेवा, आणि तीच चाल दोन्ही क्रमांनी खेळून बघा. एका वेळी एकच शंका तपासा. तीन-चार परिणाम एकाच पाळीत घडवले, तर कुठल्या पत्त्याने काय केलं ते ओळखता येत नाही.