केबिनमधलं धुणं

क्रूझवर कपडे धुणं सोपं आहे, ते वाळवणं हे खरं काम. केबिन स्टुअर्ड म्हणून, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारा म्हणून, जहाजांवर नोकरी केली, तेव्हा लोकांनी ओले कपडे कुठेकुठे टाकलेले असतात ते रोज बघत होतो. दिव्याच्या शेडवर मोजे, टीव्हीच्या कोपऱ्याला बनियन, सोफ्याच्या पाठीवर पसरलेला ओलागच्च टॉवेल. आता मालवणजवळ गावी असतो. ओळखीतलं कुणी महिनाभराच्या सफरीला निघालं की फोन येतोच, "भाऊ, कपड्यांचं काय करायचं?" त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

आधी बुकिंग करतानाच एक गोष्ट विचारून घ्या: प्रवाशांनी स्वतः कपडे धुवायची मशीनं जहाजावर आहेत का? कनार्ड कंपनीच्या जहाजांवर ती फुकट असतात, वायकिंगच्या समुद्री जहाजांवरही. प्रिन्सेस आणि कार्निव्हलच्या बहुतेक जहाजांवर पैसे देऊन वापरता येतात. रॉयल कॅरिबियनवर मात्र ही सोय नाही. मशीन असेल तर वेळ साधायची. जहाज दिवसभर समुद्रात असतं त्या दिवशी तिथे रांग लागते आणि भांडणंसुद्धा होतात, मी मध्यस्थी केलेली आहे. जहाज बंदराला लागलं आणि मंडळी फिरायला उतरली, की सकाळी मशीनची खोली रिकामी मिळते. नाहीतर सगळे जेवायला गेलेले असताना जायचं.

जहाजाची स्वतःची लाँड्री सगळीकडे असते. एकेका नगाचे दर ऐकून आपला माणूस गप्प होतो, पण लांबच्या सफरीत मध्येच कधीतरी "पिशवी भरून द्या, ठरावीक पैसे" अशी चिठ्ठी केबिनमध्ये येते. त्या पिशवीत पायजमे, बनियन, टी-शर्ट, जीन्स खुशाल कोंबा. रेशमी, लोकरी, जरीचं काही घालू नका. खालच्या लाँड्रीत पाणी गरम आणि ड्रायर त्याहून गरम असतात. तिथली पोरं जीव तोडून काम करतात, पण हजारो चादरी-टॉवेलांच्या ढिगात तुमच्या लग्नातल्या उपरण्याकडे वेगळं बघायला त्यांना सवड नसते.

राहिलं ते केबिनमध्ये धुवायचं. त्याची तयारी घरून बॅग भरतानाच होते. विमानाला तेवीस किलोची मर्यादा असली की कपडे मोजकेच येतात, मग निदान लवकर वाळणारे आणा. पॉलिएस्टर, नायलॉन, पातळ लोकर चालेल. जाड सुती कुर्ते, खादी, जीन्स यांना दोन-दोन दिवस लागतात आणि तोवर ते कुबट होतात. एक सुती गोष्ट मात्र हटकून आणा, राजापुरी पंचा. दोन-तीन आणा. पाणी भराभर शोषतो, पिळला की हलका होतो, रात्रीत वाळतो. बरोबर कपड्यांच्या साबणाची वडी, सुरीने चार तुकडे करून. वडी बॅगेत सांडत नाही आणि विमानात हातातल्या सामानात ठेवली तरी द्रवपदार्थांच्या नियमात येत नाही. पाच-सहा मजबूत चुंबकी हूक, डझनभर चिमटे, फुगवता येणारे किंवा साधे प्लास्टिकचे हँगर, आणि बेसिनचं भोक झाकायला रबराची चपटी चकती. इस्त्री आणू नका. वाफेची इस्त्रीही नको, बहुतेक जहाजांवर चढतानाच काढून घेतात.

धुताना साबण कमी. जहाजावरचं बरंचसं पाणी समुद्राचंच असतं, जहाजातच गोडं केलेलं. त्यात क्षार फार थोडे, त्यामुळे फेस भसाभस होतो. बोअरच्या पाण्याची सवय असलेला माणूस घरच्यासारखा साबण चोळतो आणि मग विसळून विसळून दमतो. कपड्यात राहिलेला साबण कडक होतो, अंगाला खाजतो आणि वाळायलाही वेळ लावतो. घरी लागतो त्याच्या निम्मा पुरे. आंघोळीच्या आधी बेसिनमध्ये कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजत टाका, कॉलर, काखा आणि मोज्यांचे तळवे तेवढे चोळा, आणि आंघोळ करता करता शॉवरखाली विसळून घ्या. समुद्र खवळलेला असेल तर बेसिन अर्ध्याच्या वर भरू नका, सगळं पाणी गालिच्यावर येतं. धुण्याचं पाणी बेसिनमध्येच ओता, कमोडमध्ये नको. जहाजाचा कमोड हवेच्या ओढीवर चालतो. एक मोजा किंवा बटण आत गेलं की तुमचाच नाही, रांगेतल्या सगळ्या केबिनींचा खोळंबा.

रोज थोडं धुवा. दोघांचे आतले कपडे, एखादा शर्ट, मोजे. आठवड्याचं साठवून एकदम धुतलं की ते टांगायला जागा नसते आणि खोली दमट होते. आतली साधी केबिन दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची, त्यात न्हाणीघर म्हणजे तर दोन माणसं समोरासमोर उभी राहू शकत नाहीत एवढं.

आता पिळणं. निम्मं काम इथेच होतं आणि लोक इथेच आळस करतात. हाताने पिळून झालं की कोरडा मोठा टॉवेल जमिनीवर अंथरा. त्यावर कपडा सपाट पसरा, बाह्या आत घ्या, आणि टॉवेलसकट सुरळीच्या वडीसारखी घट्ट गुंडाळी करा. मग गुंडाळीवर गुडघे टेकून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरका. दोघं असाल तर दोन टोकं धरून उलट दिशांना पीळ द्या. उलगडाल तेव्हा टॉवेल जड झालेला असतो आणि शर्ट नुसता ओलसर. असा पॉलिएस्टरचा शर्ट दुपारी टांगला तर रात्रीच्या जेवणाला घालता येतो. बनियनला एक रात्र. नुसता हाताने पिळलेला तोच शर्ट दुसऱ्या दिवशी सकाळीही काखेत ओला लागतो. रंग जाणारा कपडा असेल, नवा लाल कुर्ता किंवा बाटिकचं काही, तर मध्ये पंचा घाला. जहाजाच्या पांढऱ्या टॉवेलला गुलाबी डाग पडला तर तो तुमच्या बिलावर येऊ शकतो. टॉवेल मात्र हवे तितके मागा. आम्हाला त्याचं ओझं नसतं, "दोन टॉवेल जास्त ठेवाल का?" एवढं म्हटलं की झालं.

टांगायचं कुठे, हे कळायला केबिनमधली हवा कशी फिरते ते बघा. एसीची थंड, कोरडी हवा खोलीत वरून येते आणि बाहेर पडते ती न्हाणीघराच्या छतातल्या जाळीतून. तिथला पंखा दिवसरात्र हवा ओढत असतो. म्हणजे खोलीतून न्हाणीघराकडे सतत एक झुळूक चालू असते, दाराच्या खालच्या फटीशी हात धरलात तर कळेल. ओले कपडे त्या झुळकीच्या वाटेवर पाहिजेत. न्हाणीघराचं दार वीतभर उघडं ठेवा, जहाज हललं की आपटू नये म्हणून खाली पंच्याची घडी अडकवा, आणि कपडे त्या फटीसमोर येतील असे टांगा. शॉवरमध्ये बहुतेक ठिकाणी भिंतीतल्या डबीतून ओढायची बारीक दोरी असते, समोरच्या खुंटीला अडकवायची. ती पोहण्याच्या पोशाखासाठी आहे. चार-पाच हलके नग टांगा. ओली जीन्स टाकली की डबी भिंतीतून सुटून येते, मग तंत्रज्ञ येईपर्यंत तीही गेली.

बाकीचं हँगरवर. जहाजाच्या भिंती वरून लाकडासारख्या दिसल्या तरी बहुतेक ठिकाणी आत पोलाद असतं, चुंबकी हूक पटकन बसतो. कपाटाजवळच्या भिंतीवर दोन हूक, त्यावर हँगर, कपड्यांत चार बोटांचं अंतर. हूकशेजारी केबिनचं कार्ड ठेवू नका, त्यावर काळी पट्टी असेल तर चुंबकाने बाद होतं. बटणाचा शर्ट हँगरवर टांगलात तर बटणं लावून टांगा आणि हँगर भिंतीपासून सुटा ठेवा, नाहीतर रात्रभर जहाजाच्या तालावर टकटक चालते आणि शेजारच्या केबिनवाल्याचा फोन येतो.

छताला लोंबकळणारी पितळी किंवा पांढरी टोपी दिसेल. तिला हँगर अडकवायचा नाही. तो आग विझवायचा फवारा आहे. त्यातला काचेचा नाजूक भाग फुटला की पाणी धो धो येतं आणि कुणीतरी खालून झडप बंद करेपर्यंत थांबत नाही. हँगरचा हूक बरोबर त्यात बसतो, म्हणून लोकांना मोह होतो. तुमचे कपडे, गादी, पासपोर्ट आणि खालच्या मजल्यावरचं छत, सगळं एका बनियनपायी.

बाल्कनीत वाळत घालायचा मोहही आवरा. आपल्याकडे ऊन-वारा दिसला की हात आपोआप दोरीकडे जातो, पण समुद्रावरचा वारा खारा असतो. कपड्यावर मीठ बसतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कपडा दिवसभर वाऱ्यावर असूनही संध्याकाळी चिकट लागतो. उडून गेला तर खालच्या कुणाच्या बाल्कनीत अडकतो. शिवाय बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी असते, आणि ती मुख्यतः आगीच्या भीतीने. २३ मार्च २००६ ला पहाटे स्टार प्रिन्सेस हे जहाज जमैकाकडे जात असताना बाल्कन्यांना आग लागली, कारण बहुधा टाकलेली सिगारेट. एक प्रवासी धुराने दगावला. त्यानंतर बाल्कनीत काय ठेवायचं यावरचे नियम जगभर कडक झाले. तुमचा स्टुअर्ड बाल्कनीतला कपडा आत आणून ठेवतो तेव्हा तो आगाऊपणा करत नसतो. बाल्कनीचं दार उघडं ठेवून कपडे वाळतील असंही समजू नका. दमट हवा आत येते, बऱ्याच जहाजांवर दार उघडलं की एसी आपोआप बंद होतो, आणि कपडे आणखी ओले.

केस वाळवायचा ड्रायर फक्त शेवटच्या ओलसरपणासाठी, कॉलर आणि बाह्यांच्या शिवणींसाठी. मोज्यात घुसवून चालू ठेवून जाऊ नका. जहाजावर कापूस आणि उष्णता यांची गाठ पडली की काय होतं ते एक्स्टसी जहाजावर दिसलं होतं. २० जुलै १९९८ ला मायामीहून निघाल्यावर थोड्याच वेळात त्याच्या लाँड्रीत वेल्डिंगमुळे साठलेल्या तुसांनी पेट घेतला आणि आग हवेच्या नळीतून मागच्या डेकपर्यंत गेली.

बायकांचे फोन येतात ते साड्यांसाठी. जॉर्जेट किंवा क्रेप आणा, सुती आणि रेशमी साडी सफरीभर न धुता नेसायची. जॉर्जेट धुतली तर टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा, लांबीने चार पदरी घडी करून दोन हँगरवर मिळून टाका, आणि तीन-चार तासांनी आतली घडी बाहेर घ्या. परकर सॅटिनचा किंवा सिंथेटिक असू दे. सुती परकराचं सगळं वाळतं आणि नेफा ओलाच राहतो, कारण तिथे कापड दुपदरी, त्यात नाडी. धुतल्यावर नाडी ओढून काढा, एका टोकाला सेफ्टी पिन लावून वेगळी टांगा, नेफ्यात प्लास्टिकच्या हँगरची दांडी घालून तो फुगलेला ठेवा. सलवार आणि लेंग्याचंही तेच. माझी आई पावसाळ्यात चुलीवरच्या दोरीवर परकर असेच टाकायची, काठीत नेफा ओवून.

सुरकुत्यांसाठी इस्त्री लागत नाही. कपडा हँगरवर ओलसर असतानाच हाताने झटकून, कॉलर आणि पट्ट्या ओढून सरळ केल्या की पॉलिएस्टर तसाच बसतो. राहिल्या तर आंघोळीच्या वाफेत दहा मिनिटं टांगा. समारंभाच्या रात्रीचा सूट किंवा जरीची साडी पैसे देऊन इस्त्रीला द्या, तिथे काटकसर करू नका.

एका बाबतीत मात्र केबिनमध्ये धुवायचंच नाही. कुणाला उलटी-जुलाब झाले आणि कपडे खराब झाले, तर बेसिनला हात लावू नका. जहाजाच्या दवाखान्याला फोन करा, स्टुअर्डला सांगा. लाज वाटून लपवणारे खूप भेटतात. नोरोव्हायरस जहाजावर फार लवकर पसरतो, आणि असे कपडे वेगळ्या पिशवीतून नेऊन वेगळे धुवायची पद्धत ठरलेली असते.

ओले कपडे टांगलेले दिसले म्हणून आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. फक्त सकाळी केबिन आवरायला येतो तेव्हा पलंगापाशी जायला वाट असू द्या, आणि ओलं काही लाकडी कपाटावर किंवा गालिच्यावर टाकू नका. डाग पडतो आणि वरिष्ठ आम्हाला विचारतात.

उतरायच्या आदल्या दिवशी सकाळनंतर काही धुऊ नका. त्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, आणि एकदा त्या गेल्या की परत दिसतात त्या थेट बंदरावर. उद्या अंगात घालायचे कपडे हातातल्या पिशवीत बाजूला काढा, रात्रीचा पायजमा तेवढाच राहिला म्हणून तसेच उतरलेले गृहस्थ मी पाहिले आहेत. काही ओलं उरलंच तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळं ठेवा आणि मुक्कामी पोहोचल्यावर आधी ते बाहेर काढा. निघताना शॉवरची दोरी आणि भिंतीवरचे हूक बघा. पोहण्याचे पोशाख आणि चुंबक, दर फेरीला सगळ्यात जास्त मागे राहतात ते हेच, आणि सापडलेलं सामान परत मागवायचं तर टपालखर्च तुमचा.