गच्चीवर सोलार बसवताय? आधी अर्थिंग बघा

मी परभणीत वायरमन आहे. हल्ली जो भेटतो तो पहिलं सबसिडीचं विचारतो, म्हणून ते आधी सांगून टाकतो. पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्तला 78,000 रुपये केंद्राकडून मिळतात. पॅनल आणि त्यातले सेल, दोन्ही भारतात बनलेले पाहिजेत.

किती किलोवॅट घ्यायचं, यासाठी वर्षाची सगळी बिलं काढा. नुसतं मे महिन्याचं बिल धरू नका, ते कूलरनं फुगलेलं असतं. एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी 4 युनिट धरा; जागा 100 चौरस फूट लागते. पॅनलचं तोंड दक्षिणेला. पाण्याच्या टाकीची सावली डिसेंबरात लांब पडते, जागा ठरवताना तेवढी सोडा. जुन्या वाड्याच्या माळवदावर पॅनल चढवू नका, अंगणात वेगळा सांगाडा उभारा.

आता अर्थिंग, म्हणजे जमिनीत रॉड पुरून जादा वीज मातीत उतरवायची सोय. यात सगळ्यात जास्त चालढकल होते, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. तीन वेगवेगळे अर्थिंग लागतात: पॅनलच्या सांगाड्याला एक, इन्व्हर्टरच्या (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) एसी बाजूला एक आणि वीजरोधकाला (आकाशातली वीज झेलणारा लाइटनिंग अरेस्टर) एक. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. रॉडभोवतीची माती सुटते, ओल जाते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. नेमकं त्याच दिवसांत वळवाचा पाऊस येतो, विजा कडाडतात. म्हणून खड्डा न्हाणीच्या किंवा नळाच्या सांडपाण्याजवळ घ्या, वर झाकण ठेवा आणि मार्च ते जून त्यात नियमित पाणी ओता. काम संपलं की अर्थ टेस्टर लावून रीडिंग आपल्यासमोर घ्यायला लावा. सोलार बसवणारा टेस्टर आणलाच नाही म्हणाला, तर शेवटचा हप्ता थांबवा.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "लाइट गेल्यावर तरी पंखा चालंल ना रे बाबा?" नाही काकू. बॅटरी नसलेलं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलार लाइट गेली की आपोआप बंद पडतं. तुमच्या पॅनलची वीज बंद लाइनवर गेली, तर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. भारनियमनात पंखा हवाच असेल, तर हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. खर्च बराच वाढतो.

भर दुपारी ऊन कडक आणि इन्व्हर्टर मात्र बंद, असं झालं तर डिस्प्लेवरचं व्होल्टेज बघा. दुपारी गल्लीत वापर कमी आणि सगळ्यांचं सोलार जोरात असलं की लाइनचं व्होल्टेज चढतं, मग इन्व्हर्टर स्वतःला लाइनपासून तोडून घेतो. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असेल तर हे आणखी लवकर होतं, म्हणून आधी केबल तपासा. ती ठीक असेल तर वेळेसकट रीडिंगचे फोटो काढून महावितरणच्या उपविभागात लेखी द्या. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) त्यांनीच बदलायचा असतो. इन्व्हर्टरमधली व्होल्टेजची मर्यादा कुणाला वाढवू देऊ नका.

सोयाबीनच्या मळणीचा भुसा पॅनलवर बसला की उत्पादन लगेच घटतं. सकाळी पॅनल गार असताना धुवा, तापलेल्या काचेवर थंड पाणी नको. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग बसतात. ते वापरलंच तर लगेच पुसून घ्या.

नेट मीटर बसला की आत आलेले आणि बाहेर गेलेले युनिट वेगवेगळे दिसतात का, ते त्याच दिवशी बघा. उरलेले युनिट पुढच्या बिलात जमा होतात, हिशेब 31 मार्चला होतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.