स्पॅनिश शिकताना भेटलेली अरबी

पुण्यात स्पॅनिश शिकायला लागले तेव्हा पहिले दोन महिने मी नुसते शब्द घोकत होते. साखरेच्या डब्यावर 'आसुकार', तांदळाच्या डब्यावर 'आर्रोस', तेलाच्या बरणीवर 'आसेइते' अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या. एकदा ओट्याशी उभी असताना लक्षात आलं, की तिन्ही शब्द 'आ'नेच सुरू होताहेत. तो 'आ' अरबी 'अल्'चा, म्हणजे इंग्रजी 'the'सारख्या शब्दाचा. स, झ, र अशा अक्षरांआधी त्यातला 'ल' पुढच्या अक्षरात मिसळून जातो. म्हणून अल् आणि सुक्कर मिळून 'अस्सुक्कर', त्याचा 'आसुकार'. कापसाच्या 'आल्गोदोन'मध्ये मात्र 'ल' शाबूत आहे.

७११ पासून १४९२ मध्ये ग्रानादा हे तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य पडेपर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर मुस्लिम सत्ता होती. शेती, पाटपाणी, बाजार, कारभार यांतले कितीतरी शब्द त्या काळातले. साधित शब्द धरून आकडा ४,००० च्या आसपास सांगतात.

आपल्याकडेही फारसीच्या वाटेने अरबी आलीच आहे, त्याचा फायदा घ्या. 'फुलानो' म्हणजे आपला फलाणा! रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे; त्यात अर्थाआधी व्युत्पत्ती असते, ती वगळू नका. 'नारांखा' काढून बघा: आंदालुसी (मुस्लिम स्पेनमधली) अरबी, मग अरबी, मग फारसी आणि शेवटी संस्कृत 'नारंग'. तो शब्द मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

पण ओळख पटली म्हणून अर्थ गृहीत धरू नका. 'आल्काल्दे' मूळचा अल्-काझी. अनुवादाच्या माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी बिनधास्त 'न्यायाधीश' लिहिलं. तो निघाला महापौर, आणि सगळा मजकूर पुन्हा तपासावा लागला. शिवाय 'आल'ने सुरू होणारं सगळंच अरबी नसतं. 'आल्मा' (आत्मा) आणि 'आल्तो' (उंच) लॅटिनमधले आहेत.

माझा सर्वांत लाडका शब्द 'ओखाला'. मूळ अर्थ 'देवाची इच्छा असेल तर'. त्याच्यापुढे क्रियापद सुब्खुन्तिवोत, म्हणजे इच्छा, शंका वगैरे दाखवणाऱ्या रूपात येतं आणि तिथेच बहुतेक जण अडखळतात. मीही अडखळले, पण 'ओखाला युएवा'चं मराठी 'पाऊस पडो' असं मनात आलं आणि गाठ सुटली. पडो, येवो, मिळो ही रूपं तर आपण लहानपणापासून वापरतो. सुब्खुन्तिवोचे बाकीचे उपयोग नंतर बघा. आधी वहीत 'ओखाला'ने सुरू होणारी वीस वाक्यं लिहा, खरोखर मनात असलेल्या इच्छांची.