न्यूज चॅनेल बघायचंच असेल तर असं बघा

रात्री जेवताना टीव्हीवर कुणाच्या तरी अपघाताचं सीसीटीव्ही फुटेज चौथ्यांदा फिरत असतं आणि आपण म्हणतो, जरा आमटी वाढ गं. आपण काही दगड नाही, पण तेच तेच ढॅणढॅण म्युझिकवर इतक्यांदा दाखवलं की मन बधिर होतंच, आणि मग तेवढ्याने कुणी थांबेना म्हणून चॅनेलवाले आवाज अजून चढवतात. टीव्ही बंदच करा असं सांगून घरात कोणी ऐकत नाही (सासरेबुवा तर अजिबातच नाहीत), म्हणून बघायचं कसं तेवढं सांगते.

आधी म्यूट करा. पाच मिनिटं नुसतं बघा आणि नवीन दृश्य किती येतात ते मोजा, बऱ्याचदा दहा-बारा सेकंदांची एकच क्लिप लाल गोल आणि बाण काढून फिरवत असतात. आवाज गेला की बातमी केवढीशी होती ते लगेच कळतं.

मग खालची पट्टी वाचा. 'अमकीनेच दिलं विष?' त्या प्रश्नचिन्हाने चॅनेल सुटतं, पण आपल्या डोक्यात प्रश्नचिन्ह राहत नाही, नुसतं विष राहतं. 2020 मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या प्रकरणात कित्येक महिने हेच चाललं होतं, तपास यंत्रणांच्या आधी स्टुडिओतच निकाल लागत होता. त्यावर जानेवारी 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाने दोन चॅनेलचं वार्तांकन प्रथमदर्शनी कोर्टाचा अवमान करणारं आहे असं म्हटलं आणि तपास चालू असताना काय टाळायचं तेही सांगितलं: आत्महत्या केलेला माणूस मनाने कमकुवत होता असं रंगवायचं नाही, गुन्ह्याचा प्रसंग नाट्यरूपात उभा करायचा नाही, पोलिसांपुढचा कबुलीजबाब पक्का पुरावा असल्यासारखा दाखवायचा नाही. ही यादी लक्षात ठेवा, यातलं एक जरी दिसलं तरी खुशाल चॅनेल बदला.

लाइव्हचा मोह तर सोडाच. 26/11 ला ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊसची कारवाई आपण सगळे डोळे फाडून बघत होतो आणि तीच पाकिस्तानात बसलेले सूत्रधारही बघून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सांगत होते, 2012 च्या कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने चॅनेलना यावरून चांगलंच झापलंय. आता अशा कारवाईच्या लाइव्ह कव्हरेजला बंदी आहे, पण इतर घटनांतही पहिल्या दोन-तीन तासांत 'सूत्रांच्या माहिती'शिवाय हाती काही लागत नाही. दुसऱ्या दिवशीचा पेपर वाचा, काही बिघडत नाही.

लहान मुलं समोर असतील तर क्राइमचे शो नकोतच, यावर वाद नको.

आणि खरंच संताप आला तर ट्विटरवर शिव्या घालू नका, त्याने त्यांचाच हॅशटॅग वर जातो. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, जमलं तर क्लिपची लिंक असं सगळं लिहून चॅनेलच्या वेबसाइटवरच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाका, तोही लगेच, महिन्याने नाही. केबल टीव्हीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर पटलं नाही तर चॅनेल ज्या स्वयंनियमन संस्थेचं सभासद आहे तिच्याकडे पुढच्या 15 दिवसांत अपील करता येतं, बऱ्याच मोठ्या न्यूज चॅनेलसाठी ती एनबीडीएसए (न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी) आहे. पोचेचा मेल मात्र जपून ठेवा, अपिलाच्या वेळी कामाला येतो.